गेम लाँचलाच घ्यावा की सेलची वाट पाहावी?

ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम लाँचलाच घेतलेला बरा. पुढे स्वस्त मिळेलही, पण सर्व्हरवर खेळाडू उरतील याची खात्री नसते. एकट्याने खेळायच्या गेमचं गणित उलटं: थांबलात तर चुका दुरुस्त करणारे पॅच येऊन जातात, कधी डीएलसीसकट (गेमला नंतर जोडलेल्या वेगळ्या विकत मिळणाऱ्या भागांसकट) पूर्ण आवृत्तीच सवलतीत मिळते.

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात वर्षात चार मोठे हंगामी सेल असतात. काही तासांच्या फ्लॅश डील्स २०१५च्या अखेरीस बंद झाल्या. आता सवलत बहुधा पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सारखीच, त्यामुळे सेल सुरू झाल्यावर ताटकळण्यात अर्थ नाही. आणि टक्क्यांना भुलू नका! ७५ टक्के सूट मूळ किमतीवर असते, मागच्या सेलच्या किमतीवर नव्हे. स्टीमडीबी या वेबसाइटवर जुन्या किमतींचा आलेख बघा.

लाँचला घेतला आणि लगेच सेल लागला? खरेदीला १४ दिवस झाले नसतील आणि २ तासांहून कमी खेळला असाल, तर रिफंड घेऊन पुन्हा सवलतीत घ्या. स्टीम याला गैरवापर मानत नाही.

सेलमध्ये हीच मुदत अंगाशी येते. एकदम दहा गेम घेतले की त्यातले निम्मे उघडण्याआधीच १४ दिवस उलटतात, आणि गेम तुमच्या कॉम्प्युटरवर अडखळतो हे कळेपर्यंत उशीर होतो.