‘आर्टिस्ट ग्रेड’ तैलरंगांचा स्वस्त सेट घेण्याआधी ट्यूबची मागची बाजू वाचा

पावसाळा सरला की वाई-मेणवलीच्या घाटांवर, नाशिकला गोदाकाठी लँडस्केप करणाऱ्यांची गर्दी होते. नेमक्या त्याच वेळी ‘आर्टिस्ट ग्रेड (म्हणजे व्यावसायिक चित्रकारांच्या दर्जाचे), २४ ट्यूब, निम्म्या किमतीत’ अशा जाहिराती फिरू लागतात. असा एक सेट घेऊन आमचा गट फसला. विक्रेत्याचं नाव देत नाही, पण फसवण्याची रीत सगळ्यांना कळायलाच हवी.

पहिली खूण किमतीत आहे. चांगल्या रंगांचे भाव सिरीजप्रमाणे, म्हणजे ट्यूबवर छापलेल्या किंमत-गटाप्रमाणे बदलतात. येलो ऑकर, बर्न्ट सिएना हे मातीचे रंग, म्हणून स्वस्त. कोबाल्ट, कॅडमियम कित्येक पटींनी महाग. सगळ्या ट्यूब एकाच भावाच्या असतील तर आत कोबाल्ट नाही, असंच धरा.

मग पिगमेंट कोड, म्हणजे आत कोणतं रंगद्रव्य आहे हे सांगणारा ट्यूबवरचा क्रमांक. कोबाल्ट ब्लूवर पीबी (पिगमेंट ब्लू) २८ हवं. तिथे पीबी २९ आणि सोबत पांढऱ्याचा कोड असेल, तर ते पांढरं मिसळलेलं अल्ट्रामरीन आहे. व्हिरिडियन हा हिरवा म्हणजे पीजी (पिगमेंट ग्रीन) १८. पीजी ७ असेल तर थॅलो ग्रीन. प्रामाणिक कंपन्या अशा पर्यायी रंगाच्या नावापुढे ‘ह्यू’ छापतात, आणि विद्यार्थ्यांसाठी तो रंग उत्तमच असतो. या सेटमध्ये मात्र ‘ह्यू’ आणि कोड, दोन्हींवर नवं लेबल डकवलं होतं. नखाने कोपरा उचलला की खालचं छापील नाव दिसत होतं.

घाटावर, प्रत्यक्ष जागेवर बसून रंगवताना याचा फटका जास्त बसतो. दोन तासांत ऊन बदलतं, मिश्रण सुधारत बसायला वेळ नसतो. व्हिरिडियन मवाळ रंग आहे. त्याच अंदाजाने थॅलो घेतलं तर कणभरानेही अख्खं मिश्रण हिरवंगार होतं, ब्रशमधून ते सहजी निघत नाही आणि वडाखालची सावली प्लास्टिकसारखी दिसते. दुसरी लबाडी भरावाची. खडूची भुकटी तेलात जवळजवळ पारदर्शक होते, त्यामुळे ट्यूब भरलेली राहते आणि रंग मात्र कमी. एक भाग रंगात दहा भाग टायटॅनियम व्हाइट मिसळा, शेजारी खात्रीच्या ट्यूबचं तसंच मिश्रण ठेवा. भरावाचा रंग लगेच फिका पडतो. वजनही बघा: कॅडमियमची ट्यूब तेवढ्याच आकाराच्या अल्ट्रामरीनपेक्षा हाताला जड लागते.

परतीची मुदत ७ दिवसांची होती, आणि रंग उडतो की नाही हे कळायला अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकून खिडकीत काही महिने ठेवावी लागते. म्हणून लेबल, वजन आणि पांढऱ्यातली चाचणी पार्सल आलं त्याच दिवशी करा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, लेबलाखालच्या नावाचे फोटो घ्या.

सेटसोबत ‘फुकट’ आलेलं, रंग पातळ करायचं टर्पेंटाइनही तपासा. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. शुद्ध असेल तर उडून जाईल. तेलकट डाग राहिला तर त्यात रॉकेलसारखं काहीतरी मिसळलं आहे. त्याने केलेला पहिला पातळ थर चिकट राहतो आणि वरचा रंग त्यावर घसरतो.

विक्रेता दाद देत नसेल तर बिल आणि फोटो हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.