लंडन, १७००: घरात पाणी कोणाचं घ्यायचं?

समजा, १७०० साली तुम्ही लंडनच्या जुन्या शहरात बिऱ्हाड थाटलंय. पाण्याच्या तीन सोयी आहेत: पाणक्या, लंडन ब्रिज या पुलाखालच्या चाकांनी उपसलेलं थेम्स नदीचं पाणी आणि न्यू रिव्हर कंपनीचा नळ. माझं मत आधीच सांगते: परवडत असेल आणि घर सखल भागात असेल, तर न्यू रिव्हर.

पाणक्याची गरज एकट्यादुकट्या भाडेकरूला. जोडणीचा खर्च नाही, लागेल तेवढ्याच खेपांचे पैसे. पण तो जिथून पाणी भरायचा तो चीपसाइड रस्त्यावरचा तेराव्या शतकातला मोठा सार्वजनिक हौद १६६६ च्या लंडनच्या मोठ्या आगीत गेला, तो पुन्हा बांधला नाही.

पुलाचं पाणी जुनं. पीटर मॉरिसने १५८२ मध्ये लंडन ब्रिजच्या कमानीखाली पाणचक्की बसवून पंप चालवले. त्यासाठी शहराने त्याला ५०० वर्षांचा भाडेपट्टा दिला होता. चाक भरती-ओहोटीच्या जोरावर फिरतं, म्हणजे प्रवाह थबकला की उपसाही थांबतो. त्याहून मोठी अडचण पाण्याची. शहराची सगळी घाण ज्या नदीत जाते, तिच्यातूनच ते भरवस्तीत उचललं जातं. गाळ खाली बसेपर्यंत पिंपात ठेवावं लागतं. धुण्याभांड्यांना चालेल, लहान मुलांना प्यायला मी देणार नाही.

न्यू रिव्हर नावाला नदी, खरं तर कालवा. कल्पना एडमंड कोल्थर्स्टची; १६०९ पासून काम अंगावर घेतलं सोनार ह्यू मिडल्टनने. पैसे आटले तेव्हा राजा पहिल्या जेम्सने निम्मा खर्च उचलला, निम्म्या नफ्याच्या बोलीवर. २९ सप्टेंबर १६१३ ला हर्टफर्डशरमधल्या चॅडवेल आणि ॲमवेलच्या झऱ्यांचं पाणी क्लर्कनवेलच्या तलावात आलं. सुमारे ६२ किलोमीटर वाट, आणि एवढ्या लांबीत उतार जेमतेम साडेपाच मीटर! टेकड्यांच्या कडेकडेने वळसे घेत, एकही पंप न लावता पाणी शहरापर्यंत आणलं. मला तर हे त्या काळातलं सगळ्यात देखणं काम वाटतं.

तलावापासून पुढे एल्म झाडाची पोखरलेली खोडं, तेच नळ. एकाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या तोंडात ठोकून बसवतात, त्यामुळे सांधे गळतात आणि लाकूड कुजतं. तिथून घरात येते ती शिशाची नळी, हंसाच्या पिसाच्या दांडीएवढी बारीक. पाणी चोवीस तास नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या तासांत रस्त्यावरची चावी फिरली की येतं. तेव्हा घरात शिशाचा हौद हवाच, आणि त्याचा खर्च तुमचा. नळाचं भाडं वर्षाला साधारण २० शिलिंग, म्हणजे मजुराची दोनेक आठवड्यांची कमाई. थकलं की नळी तोडतात.

आता जागा बघा. पाणी केवळ उतारावर चालतं, त्यामुळे तलावाहून उंचावरच्या घराला ही सोय नाही, आणि लांबच्या गल्लीत शेवटच्या घरापर्यंत धार पोचेलच असं नाही. नदीकाठी, पुलाला लागून राहत असाल तर थेम्सचं पाणी वापरायला घ्या, पिण्यापुरतं पाणक्याकडून, तो आता कुठून भरतो ते विचारून. बाकी कुठेही असाल तर नळाचं भाडं भरण्याआधी पाण्याच्या वारी त्याच गल्लीतल्या शेजाऱ्याकडे जा, आणि त्याचा हौद भरायला किती वेळ लागतो ते उभं राहून बघा.