तयार लिशमन स्टेन: अख्खा पावसाळा वापरल्यावर

आमची लॅब चिपळूणला. जूनपासून पावडर मिथेनॉलमध्ये घोटून मुरवत ठेवणं बंद केलं आणि तयार लिशमन स्टेन (स्लाइडवरच्या रक्तपेशी रंगवायचं द्रावण) व बफरच्या (पाण्याचा पीएच ठरावीक ठेवणाऱ्या) गोळ्या वापरायला घेतल्या. पावसाळ्यात तापाचे पेशंट भरपूर, त्यामुळे कस चांगलाच लागला.

रंगाबद्दल तक्रार नाही. इओसिनोफिलचे (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशीचे) दाणे केशरी, न्यूक्लियस जांभळं, प्लेटलेट स्पष्ट. पण निम्मं श्रेय बफरचं, हे ठासून सांगतो. बोअरच्या पाण्यात स्टेन पातळ केला की आरबीसी (लाल रक्तपेशी) निळसर-करड्या येतात आणि बोल मात्र स्टेनला लागतो. नेहमीच्या स्मिअरला (स्लाइडवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थराला) पीएच ६.८ ठीक, मलेरिया शोधायचा तर ७.२ च हवा. व्हायव्हॅक्स मलेरियाचे शुफनर डॉट्स (आरबीसींतले बारीक ठिपके) ७.२ वर उठून दिसतात, ६.८ वर बऱ्याचदा हुलकावणी देतात. दोन्ही गोळ्या घेऊन ठेवा.

स्टेन स्लाइडवर ओतून दोन मिनिटं थांबायचं. त्यातल्या मिथेनॉलनेच स्मिअर फिक्स होतो, म्हणजे पेशी काचेवर पक्क्या बसतात. मग दुप्पट बफर, ड्रॉपरने हलकं मिसळून दहा मिनिटं. वर सोनेरी-हिरवट साय धरते. स्लाइड तिरकी करून ती ओतायची नाही, बफरच्या धारेने वरच्यावर वाहून जाऊ द्यायची. नाहीतर ती स्मिअरवर बसते आणि ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब टाकून वापरायच्या मोठ्या लेन्सखाली) तिचे कण प्लेटलेटसारखे, नवख्याला तर पॅरासाइटसारखे दिसतात. असा चुकीचा रिपोर्ट कुणाच्या हाती पडू नये.

थिक स्मिअरला (रक्ताच्या जाड थेंबाला) हा स्टेन घेऊ नका. मिथेनॉलने आरबीसी फिक्स झाल्या की हिमोग्लोबिन धुऊन निघत नाही, सगळं गढूळ दिसतं. तिथे पाण्यातला जेएसबी किंवा फील्ड स्टेनच बरा.

खरी नाराजी बाटलीवर. आतलं बूच सैल आहे. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ऑगस्टपर्यंत तळाकडच्या स्टेनने आरबीसींत चकाकणारी भोकं दाखवायला सुरुवात केली. स्मिअर पंख्याखाली लगेच सुकवूनही तेच, नवी बाटली फोडल्यावर बंद. कंपनीला कळवलं, उत्तर नाही. एवढ्या चांगल्या स्टेनला साधं घट्ट झाकण देता येऊ नये, याचं वाईट वाटतं.

आता बाटली फोडली की लगेच घट्ट झाकणाच्या छोट्या, कोरड्या, गडद बाटल्यांत भरून ठेवतो आणि एका वेळी एकच उघडतो. स्टेन पुन्हा हाच मागवला आहे, फक्त १२५ मिलीच्या पॅकमध्ये.