दाराशी ठेवलेली गव्हाण आणि घरी आलेली गव्हाण

मागच्या उन्हाळ्यात मुक्त गोठा (गायी मोकळ्या सोडायचा) केला, तेव्हा विटांच्या गव्हाणी बांधायच्या की तयार काँक्रीटच्या आणायच्या यावर घरात बराच खल झाला. गवंडी वेळेवर मिळेना, म्हणून तयार मालाकडे वळलो. आमच्या १४ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी. गायीमागे अडीच फूट धरलं, म्हणजे सहा फुटी ६ गव्हाणी, शिवाय पाण्याचे २ हौद. संगमनेरच्या आसपास दोन ठिकाणी गव्हाणीला साडेसहा हजार सांगितले. हायवेलगतच्या तिसऱ्या यार्डातला माणूस म्हणाला, "४,२००, घरपोच." तिथेच शंका यायला हवी होती. आली नाही.

यार्डाच्या दाराशी ठेवलेली गव्हाण खणखणीत होती. तीन इंची भिंत, उचलायला कडेला आठ एमएम सळईचे हुक. हातोडी मारली तर ठणठण वाजली. खिळ्याने ओरखडून पाहिलं, नुसती बारीक रेघ उठली. मी मोठ्या ऐटीत पास केलं आणि निम्मे पैसे दिले. मागच्या बाजूला ताडपत्रीखाली काय होतं, ते बघितलंच नाही.

माल आला रात्री साडेनऊला. क्रेन भाड्याची, ड्रायव्हर घाईत. "दादा, बाकी टाका, मग उतरवतो. मला अजून एक ट्रिप आहे." टाकले. पैसे गेले ते भलत्याच नावाच्या खात्यात. बिल म्हणून 'इस्टिमेट' लिहिलेला कागद हातात आला. त्यावर ना जीएसटी नंबर, ना काँक्रीटचा ग्रेड, ना माल ओतल्याची तारीख. बॅटरीच्या उजेडात गव्हाणी छान काळसर दिसत होत्या. ती ओल होती. काँक्रीटची ताकद आपण ओतल्यापासून २८ दिवसांनंतरची धरतो. या बहुतेक त्याच आठवड्यात ओतलेल्या असाव्यात.

पहिली खूण हिला सापडली. गव्हाण झाडताना म्हणाली, "अहो, भुश्यात कच येतेय." मी म्हटलं, चाऱ्यातून येत असेल. महिन्याभरात वरचा गुळगुळीत थर पापुद्र्यासारखा सुटला. तो थर म्हणजे नुसतं सिमेंटचं पाणी मारलेलं होतं. खाली सगळी डस्ट, म्हणजे दगडाची भुकटी, बोटाने उकरली तरी सुटणारी. गायी गव्हाण चाटतात, म्हणजे ती त्यांच्या पोटात जात होती.

फोन केला तर उत्तर तयारच होतं. "मुरघास घालता ना? मग होणारच. कोटिंग करून देतो, गव्हाणीला आठशे पडतील." इथे मी आठ-पंधरा दिवस गप्प बसलो, कारण त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. मुरघासातलं, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यातलं, आम्ल सिमेंट खातं, चांगल्या गव्हाणीचाही तळ त्याने खरबरीत होतो. पण त्याला वर्षं लागतात. आणि हौदात तर मुरघास नव्हता! तरी तिसऱ्या महिन्यात एक हौद कोपऱ्यातून झिरपायला लागला. तुम्हाला ठाऊक आहे, दुधाळ एचएफ उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी पिते. सकाळी भरलेला हौद दुपारी रिकामा. आप्पा तेवढ्यात आजोबांच्या वेळच्या दगडी डोणीकडे बोट दाखवून आत गेले. काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

शेवटी तो हौद घणाने फोडला. तिसऱ्या घावाला दुभंगला. आत सळईची जाळी नव्हतीच, बांधणीची तार दोन वेढे फिरवलेली. बाहेर हुक म्हणून दिसणारी सळई वीतभर आत जाऊन संपलेली. भिंत कडेला तीन इंच, मधे दोनही भरत नव्हती.

मग एक गव्हाण ट्रॉलीत घालून वजनकाट्यावर नेली. हे आधी सुचलं असतं तर! काँक्रीट घनमीटरला साधारण २,४०० किलो भरतं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच आणि सगळीकडून तीन इंच जाड गव्हाण ५०० किलोच्या आसपास हवी. आमची ३४५ भरली. सळई काट्यावर कळत नाही, पण चोरलेली जाडी कळते. माल उतरवायच्या आधी भरलेली गाडी तोलून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं असतं, तर तिथूनच माल परत पाठवता आला असता.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारलं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गायी पाळणारा कायद्याने ग्राहक ठरू शकतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. पण तक्रार कोणावर करायची? कागदावर मोबाइल नंबर, पैसे तिसऱ्याच्याच खात्यात. पूर्ण ३५,२०० दिलेले. वकील म्हणाले, बँकेकडून खातेदार शोधू, वेळ लागेल. ते चालू आहे.

हौद आता गवंड्याकडून विटांचे बांधून घेतले. दोन गव्हाणी टिकल्यात, त्यांत फक्त कोरडा चारा टाकतो. जुन्या हौदाचा चुरा गोठ्याच्या वाटेवरच्या चिखलात गेला.

गेल्या आठवड्यात त्या माणसाच्या व्हॉट्सॲप स्टेटसला एक फोटो दिसला. ओळीने सहा कोऱ्या गव्हाणी, वर लिहिलंय 'संगमनेर येथील समाधानी शेतकरी'. मागे आमचीच चंद्री गाय उभी आहे. म्हणून हे लिहायला बसलो.