घरच्या पीसीवर कोडिंग शिकायचंय: विंडोजवरच, डब्ल्यूएसएल का सरळ लिनक्स?

परभणीचा माझा भाचा बीसीएला लागला अन् पहिला फोन मलाच, "मामा, घरच्या कॉम्प्युटरवर नेमकं काय टाकू?" कॉम्प्युटर म्हणजे भाऊजींचा, ४ जीबी रॅम, दिवसभर त्याच्यावर मोंढ्यातल्या दुकानाची टॅली चालते अन् रात्री पोरगा बसतो. आपल्याकडं लई घरात हेच आहे म्हणून जरा सविस्तर लिहायलोय.

सोपं म्हणजे आहे त्या विंडोजवरच पायथन (कोडिंगची एक भाषा) अन् व्हीएस कोड (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) टाकणं. पायथनचा इन्स्टॉलर तीसेक एमबी, व्हीएस कोड शंभरेक, रोजच्या दीड जीबी डेटात हॉटस्पॉटवर आरामात बसतं. फक्त पायथन टाकताना पहिल्याच स्क्रीनवर खाली पाथसाठी (पायथन कुठं आहे ते विंडोजला कळावं म्हणून) एक छोटा चौकोन असतो, त्याला टिक केल्याशिवाय पुढं जाऊ नका. भाच्यानं घाईत तो सोडला, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) पायथन टाइप केलं की दरवेळी मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडायचं, पोरगं पार रडकुंडीला आलं. परत इन्स्टॉल केलं, टिक केली, पाच मिनिटात चालू. सी भाषा शिकायची तर कंपायलर (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून देणारा प्रोग्रॅम) वेगळा टाकावा लागतो, तिथं मात्र विंडोजवर थोडी खटपट आहे.

डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स, अन् लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. एका कमांडवर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) येतं, सी चा कंपायलरही तसाच एका कमांडवर, टॅलीला धक्का नाही, मला स्वतःला हेच सगळ्यात आवडतं. पण ते मशीनची निम्मी रॅमसुद्धा घेऊ शकतं, त्यामुळं ४ जीबीवर नादच करू नका, ८ वर जमतं, १६ असली तर बिनधास्त. अन् प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून चालवू नका, फार हळू होतं, उबंटूच्या होम फोल्डरमध्येच ठेवा.

ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज अन् लिनक्स दोन्ही वेगवेगळं? दुकानाचा हिशोब असलेल्या मशीनवर मी तरी करू देणार नाही. पार्टिशन (डिस्कचे भाग पाडणं) चालू असताना लाइट गेली तर वर्षभराचा हिशोब जायचा, शिवाय बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असलं तर ४८ आकडी रिकव्हरी की मागून बसतं, ती घरात कुणाकडंच नसते.

जुना पीसी रिकामा पडलेला असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं जे जुन्या मशीनला बहुतेक नसतं, तिथं सरळ लिनक्स मिंटची (हाही लिनक्सचाच प्रकार) एक्सएफसीई आवृत्ती टाका, हलकी आहे. फाइल तीन जीबीच्या आसपास, म्हणून कुणाच्या तरी वायफायवरून पेनड्राइव्हवर आणा.

भाच्याला सध्या विंडोजवरच ठेवलंय. दिवाळीत रॅम ८ करायचं भाऊजींनी कबूल केलंय, तेव्हा डब्ल्यूएसएल टाकून द्यायला मी स्वतः परभणीला जाणार.