जेनेटिक काउन्सेलिंग, पुणे: रिपोर्टपेक्षा समजावून सांगणं जास्त कामाला आलं

४ स्टार देतेय, एक का कापला ते शेवटी लिहिते.

आमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दोन वर्षांची झाली तरी धरल्याशिवाय उभी राहत नव्हती, डोळे सारखे हलायचे, मधेच वर जाऊन अडकायचे आणि पेला घ्यायला हात पुढे केला की हात लटपटत भलतीकडेच जायचा. एमआरआयमधे लहान मेंदू (डोक्याच्या मागचा, तोल आणि हालचाल सांभाळणारा भाग) बारीक दिसला म्हणून जीन टेस्ट केली. रिपोर्टमधे काय, तर ग्रिड-२ जीनचा तुकडा आईकडून आणि बाबांकडून आलेल्या दोन्ही कॉपीत गायब. पुढची चार पानं डोक्यावरून गेली, रात्री गुगल करून अजूनच घाबरले.

मग काउन्सेलिंगला गेलो. मॅडमनी पूर्ण सव्वा तास दिला आणि मराठीत दिला. कागदावर पुरकिंजे पेशी काढून दाखवली, लहान मेंदूच्या वरच्या थरातून बाहेर जाणारा हुकूम म्हणे हिच्यातूनच जातो आणि एकेका पेशीवर लाखाच्या वर बारीक तंतू येऊन टेकतात. ते टेकतात तिथे या पेशीच्या बाजूला ग्लू-डी-२ नावाचं रिसेप्टर प्रोटीन असतं, ग्रिड-२ जीन त्याचाच. नाव ग्लुटामेट रिसेप्टरच्या घराण्यातलं पण ग्लुटामेट हे धरतच नाही, याचं काम टिचबटणासारखं आहे. समोरच्या तंतूवर न्यूरेक्सिन, इकडे ग्लू-डी-२ आणि मधे दोघांना पकडून ठेवणारं सेरेबेलिन. एक भाग नसला की बटण लागत नाही. हे प्रोटीन नसलेल्या उंदरांमधे त्या तंतूंचे जवळपास निम्मे सायनॅप्स, म्हणजे पेशींमधल्या जोडण्या, बनतच नाहीत आणि ते लडखडत चालतात. पेल्याकडे जाणारा तो हात मला तेव्हा पहिल्यांदा कळला, ताकद कमी नाहीये, हाताला आवरणारी जोडणीच कच्ची आहे.

माझे मिस्टर माझे आतेभाऊ आहेत, म्हणजे सासूबाई माझी सख्खी आत्या. ती घरी सारखी म्हणायची मीच हे लग्न जुळवलं. मॅडमनी तिला नीट सांगितलं की आम्ही दोघंही कॅरियर आहोत, म्हणजे दोघांचीही एकेक कॉपीच बिघडलेली, आम्हाला स्वतःला त्रास नाही, नात्यातल्या लग्नात हे जुळून यायची शक्यता वाढते हे खरं, पण कुणी जाणूनबुजून केलेलं नाही. पुढच्या प्रत्येक बाळाला २५ टक्के धोका, गरोदरपणात तपासता येतं. आत्या तिथेच रडली, मॅडम थांबल्या, घाई केली नाही.

औषध आहे का विचारलं तर खोटी आशा दिली नाही. २०२० मधे शास्त्रज्ञांनी असं जोडणारं कृत्रिम प्रोटीन बनवून अटॅक्सियाच्या (तोल आणि हालचाल बिघडलेल्या) उंदरांना दिलं आणि त्यांचा तोल सुधारला, पण माणसांसाठी अजून ते औषध नाही हे स्पष्ट सांगितलं. फिजिओ मात्र रोज करा म्हणाल्या, तो चालूय, आता भिंतीला धरून सात-आठ पावलं टाकते पोरगी.

एक स्टार कापला तो अपॉइंटमेंटसाठी. फोन कुणी उचलत नाही, आम्ही तीन आठवडे लटकलो, शेवटी मिस्टर स्वतः जाऊन नंबर लावून आले. ज्यांना जायचंय त्यांनी एमआरआयची सीडी न्या, नुसता कागद चालत नाही, आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांपर्यंतची नाती लिहून न्या, पहिला अर्धा तास त्यातच जातो.