चवडा दुखतोय: पॅड, प्लास्टर की इंजेक्शन?

टाच दुखली की गल्लीत प्रत्येकाकडे उपाय असतो. चवडा दुखला की मात्र "मुरगळला असेल" म्हणून महिनाभर तेल चोळणं चालतं. यंत्रमागावर पाळीभर उभे राहणारे असोत, नाहीतर सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेच्या नंदीध्वजांबरोबर अनवाणी चालून आलेले, निवड करायची तर आधी बोटाने दाबून बघा. सगळा चवडा ठणकतोय, तर हाडांवर भार जास्त पडतोय. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याकडून एकच ठिकाण दुखतंय, तर तिथली वाटाण्याएवढी दोन हाडं कुरकुरतायत. पावलाच्या वरच्या बाजूने एकाच हाडावर कळ आणि सूज असेल, तर हाडाला बारीक चीर गेली आहे असं समजा. पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत दिसतच नाही असंही होतं, म्हणून "एक्स-रे नॉर्मल" ऐकून लगेच कामावर धावू नका.

चीर नसेल तर माझं मत सरळ पॅडला, म्हणजे चपलेत-बुटात बसवायच्या छोट्या गादीला. खर्च कमी, पाळी बुडत नाही. पण बहुतेकजण तो दुखऱ्या जागेखालीच चिकटवतात आणि दुखणं वाढवून घेतात. पॅड त्या जागेच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला बसवायचा, म्हणजे भार उचलला जातो. अंगठ्याखालच्या हाडांसाठी दुखरी जागा मोकळी सोडणारा, खाच पाडलेला पॅड लागतो. आपल्या उन्हाळ्यात बूट कोण घालणार? मागे पट्टा असलेली एमसीआर (मऊ रबरी तळव्याची) चप्पल घ्या आणि मोच्याकडून पॅड तिच्यातच बसवून घ्या. घरात शहाबादी फरशीवरही तीच पायात हवी. फरक पडायला काही आठवडे जातात, आणि नेमका तेवढाच धीर आपल्याकडे नसतो.

चीर असेल तर प्लास्टर किंवा कडक तळव्याचा बूट, साधारण सहा ते आठ आठवडे. मजुरी बुडते हे खरं. पण गोळ्या खाऊन त्याच पायावर उभं राहिलात तर चीर वाढते आणि रजा लांबते. करंगळीच्या मागच्या लांब हाडाच्या बुडाशी चीर असेल तर ती उशिरा भरते.

वेदनाशामक गोळ्या चार दिवसांपुरत्या. बीपी, किडनी किंवा ॲसिडिटीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने आराम लवकर पडतो, म्हणून त्याचा मोह होतो. पण पुन्हापुन्हा घेतलं तर चवड्याखालची चरबीची गादी झिजते, मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते. चिरेची शंका असताना तर ते नकोच. ऑपरेशन क्वचित लागतं. अंगठ्याखालचं हाड काढल्यावर अंगठा वाकडा होण्याचा धोका असतो.

रात्रीतून अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन सुजला तर तो गाउट असू शकतो, आधी रक्तातलं युरिक ॲसिड तपासा. मधुमेह असताना पाऊल गरम, सुजलेलं आहे पण दुखत नाही, तर यातलं काहीच निवडत बसू नका. पायावर भार न देता त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल गाठा.